आठ वर्षांची ३२०डी घ्यावी का? जुन्या लक्झरी सेडानचे अनुभव हवेत

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहतो, आई-बाबा साताऱ्यात. महिन्यातले तीन शनिवार-रविवार खंबाटकी घाट ठरलेला. सध्याची हॅचबॅक आता थकली आहे. हाताशी २० लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. या पैशात नवीकोरी एसयूव्ही येते, दोन चालवूनही पाहिल्या. वाईट काहीच नाही त्यांच्यात, पण गेल्या महिन्यात मित्राची २०१६ ची बीएमडब्ल्यू ३२०डी घाटात चालवली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. वळणावर स्टिअरिंग जेवढं फिरवावं तेवढीच गाडी वळते, ना कमी ना जास्त. झुकत नाही, धापा टाकत नाही.

यादीत तीन गाड्या आहेत: ३२०डी (२०१६ नंतरची), मर्सिडीज सी-२२०डी आणि टोयोटा कॅमरी हायब्रिड. वर्षाचं रनिंग साधारण १२ हजार. दोन गोष्टींची काळजी वाटते. एक म्हणजे वॉरंटी संपलेली जर्मन गाडी खिसा रिकामा करेल का? आणि दुसरी, घाटात इतकी छान चालणारी गाडी आपल्या खड्ड्यांत आणि गावातल्या स्पीडब्रेकरवर काय करेल? शिवाय आईचे गुडघे दुखतात, तिला खाली वाकून बसणं जमेल का हाही प्रश्न आहेच.

ज्यांनी अशी गाडी स्वतः वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सोलापुरी_चादर

२० लाखांत नवी गाडी घ्या, तीन-चार वर्षं वॉरंटीत निवांत झोपा. जुनी जर्मन गाडी म्हणजे हत्ती पाळणं. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून ऊस स्वस्त होत नाही.

निळीशाई

सोलापुरी, उपमा आवडली, मत पटलं नाही. मी गेली चार वर्षं सेकंड हँड सी-क्लास वापरते आहे, घेतली तेव्हा पाच वर्षांची होती. ठाणे-नाशिक सतत चालू असतं. आजवर रस्त्यात उभी राहिलेली नाही.

पण ऊस महाग आहे हे खरं, आणि तो हिशोब आधीच करायला हवा. गाडीची किंमत निम्म्याहून खाली आली तरी तिच्या पार्ट्सची किंमत खाली येत नाही. ब्रेक पॅड, डिस्क, हेडलाइट, सगळं ५० लाखांच्या गाडीचंच राहतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी तीन लाख वेगळे काढून ठेवले होते, फक्त गाडीसाठी. पहिल्या वर्षात त्यातले सव्वा लाख गेले: चार टायर, बॅटरी, पुढच्या सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड) आणि एक मोठी सर्व्हिस. पुढची तीन वर्षं शांत गेली. घाटवाट, तुमचे २० लाख असतील तर गाडी १७ च्या आतली बघा. २० ची गाडी घेऊन खिसा मोकळा ठेवलात तर पहिल्याच बिलाला गाडीवरचं प्रेम उडेल.

जुनाफिटर

निळीशाई ताईंशी शंभर टक्के सहमत. मी २२ वर्षं गॅरेजमध्ये काढली, त्यातली निम्मी जर्मन गाड्यांखाली. माझं म्हणणं एकच आहे, ब्रँड निवडू नका, गाडी निवडा. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या माझ्या दोन लिफ्टवर शेजारी-शेजारी असायच्या. एक सोनं, दुसरी भंगार. फरक मालकाचा.

कशी बघायची ते सांगतो. सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. आदल्या दिवशी सांगून ठेवा की चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी. थंड इंजिन चालू होताना पहिल्या चार-पाच सेकंदांत जो आवाज येतो तो एकदा गरम झाल्यावर लपतो. साखळी ओढल्यासारखी खरखर ऐकू आली तर तिथेच थांबा. बीएमडब्ल्यूच्या या डिझेल इंजिनांत टायमिंग चेन (झडपा वेळेवर हलवणारी साखळी) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. जुन्या एन-४७ मध्ये तिच्या तक्रारी जगभर गाजल्या. तुम्ही म्हणता ती २०१६ नंतरची गाडी बी-४७ इंजिनाची, १९० पीएसवाली. ती सुधारलेली आहे, पण चेन मागेच आहे. म्हणजे काम निघालं तर चेनपेक्षा ती गाठण्याची मजुरीच जड. ऑइल वेळेवर बदललेली गाडी असेल तर ही भीती बरीच कमी होते. म्हणून बिलं बघा. कंपनीचा सर्व्हिसचा आकडा लांबचा असला तरी १० हजाराला किंवा वर्षाला ऑइल बदलणारा मालक सापडला तर त्याला सोडू नका.

गिअरबॉक्स ८ स्पीडचा, झेडएफ कंपनीचा आहे, फार उत्तम. 'याला ऑइल लागत नाही, आयुष्यभराचं आहे' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते.

मग काचा खाली, एसी बंद, रेडिओ बंद करून २०-३० च्या वेगाने खराब रस्त्यावर न्या. पुढून 'ठक' असा एकच कोरडा आवाज आला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश किंवा लिंक रॉड. सतत 'खडखड' असेल तर शॉकअपही बघायला हवेत. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. आणि टायरची आतली कड हाताने चाचपा. बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून तार निघालेली असते. चारही टायर नवे असतील आणि अलाइनमेंटचा कागद नसेल तर खूश होऊ नका, जुने टायर काय सांगत होते ते विचारा.

तिरपी_चाल

जुनाफिटर काका, हे छापून गाडीच्या काचेवर लावायला हवं. वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठ

एक गोष्ट राहिली, ती मी सांगतो, कारण आमच्या भागात ती डोळ्यांनी पाहिली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगली पट्ट्यात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात आंबिल ओढ्याकाठी तेच झालं. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठल्या ना कुठल्या बाजारात जातातच.

मी दोन वर्षांपूर्वी एक जर्मन सेडान बघायला गेलो होतो. आत दुसरा वास दाबायला मारावा तसा अत्तराचा घमघमाट. सीट नव्या, मॅट नवे. गाडीवाला खूप गोड बोलत होता. मी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, अगदी अडेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, नदीच्या घाटावर पूर ओसरल्यावर उरते तशी. पट्टा रोज तेवढा कुणी ओढत नाही, म्हणून धुणाऱ्याच्या हातून तो भाग सुटला. मी काही न बोलता किल्ली परत दिली.

लक्झरी गाडीत ही गोष्ट दुप्पट धोक्याची. सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात, पायाखालच्या गालिच्याखाली कंट्रोल युनिट आणि वायरिंग असतं. पाणी गेलं की कनेक्टर हिरवे पडतात आणि बिघाड आज इथे, उद्या तिथे. डिकीचा तळ उचला, सीटचे रूळ टॉर्च मारून बघा, गंज दिसला तर निघा.

म्युनिकवासी

इकडे जर्मनीत राहून १४ वर्षं झाली, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहितो. इथे लोक दीड-दोन लाख किलोमीटर झालेली ३२०डी बिनधास्त घेतात. कारण ते किलोमीटर ऑटोबानवरचे असतात, इंजिन तापलेलं, वेग एकसारखा. शिवाय नवी गाडी पहिली तीन वर्षं सोडून पुढे दर दोन वर्षांनी सक्तीच्या तपासणीला न्यावी लागते. गंज, ब्रेक, सस्पेन्शन, धूर, सगळं बघतात. पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. विकताना लोक सर्व्हिसची वही पासपोर्टसारखी काढून दाखवतात.

भारतात नेमकं उलटं असतं. आठ वर्षांत ३० हजार झालेली डिझेल गाडी बघून सगळे खूश होतात. मला तिची भीती वाटते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर, इंजिन कधी नीट तापलंच नाही, काजळी साठत गेली, बॅटरी कधी पूर्ण चार्ज झाली नाही. घाटवाट, तुमचा जवळजवळ दर आठवड्याचा साताऱ्याचा फेरा डिझेलला मानवणारा आहे. फक्त शहरात फिरणार असता तर डिझेल घेऊच नका म्हटलं असतं.

आणि चेसिस नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन विचारा की या गाडीवर कुठलं रिकॉलचं (दोष निघाल्यावर कंपनी गाड्या परत बोलावून करते ते) काम बाकी आहे का. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरसाठी (धूर परत इंजिनात सोडण्याआधी थंड करणारा भाग) युरोपात आणि दक्षिण कोरियात मोठा रिकॉल काढला होता. कूलंट गळून आग लागण्याचा धोका होता. रिकॉलचं काम फुकट होतं, विचारायला काय जातं?

घाटवाट

खूप खूप आभार सगळ्यांचे. सीटबेल्टचं वाचून अंगावर काटा आला. एक भर घालतो: दिल्ली पासिंगची एक सी-२२०डी खूप स्वस्तात मिळते आहे, इथल्यापेक्षा जवळजवळ साडेतीन लाखांनी कमी. ती बघू का?

शिक्का_मोर्तब

थांबा. २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्यावर दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा आली होती. म्हणून तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्त झाल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण साडेतीन लाख वाचले असं समजू नका. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग इथला रोड टॅक्स, जो डिझेलला जास्त असतो. मग नवा नंबर, कारण बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवं रजिस्ट्रेशन लागतंच. आणि एजंट. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आधी बघा.

आणखी एक, लोक हमखास चुकतात ते. विक्रेता म्हणतो '५० टक्के नो क्लेम बोनस आहे', म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात सूट. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तुमच्या नावावर पॉलिसी येताना तो येत नाही. पॉलिसी नावावर करायला १४ दिवस असतात, ते टाळू नका. जुन्या गाडीला झिरो डेप (पार्ट्सची घसारा न कापता भरपाई देणारा विमा) सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. त्या हेडलाइटची किंमत ऐकली की झिरो डेप का हवं ते कळतं.

सोलापुरी_चादर

बघा, मी म्हटलं नव्हतं! अजून गाडी आली नाही आणि ऊस सुरू झाला.

निळीशाई

सोलापुरी दादा, तुम्ही एकदा ठाण्याला या, इगतपुरीपर्यंत चक्कर मारून आणते. मग बोलू.

सोलापुरी_चादर

येतो. पण डबा तुमच्याकडून.

तिरपी_चाल

सगळे विश्वासार्हतेवर बोलले, हँडलिंगवर कुणीच नाही, म्हणून लिहितो. मी कॅमरी हायब्रिड वापरतो, २०१९ ची. त्याआधी माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी जर्मन सेडान होती.

घाटात फरक स्पष्ट जाणवतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं फक्त वळतात, ओढायचं काम त्यांच्यावर नसतं. त्यात ३ सिरीजचं (३२०डी त्यातलीच) वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं विभागलेलं. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की गाडी वळणाला धरून सुटते. तुम्हाला जे आवडलं ते हेच. कॅमरी पुढच्या चाकांवर, वजनदार, मऊ. घट्ट वळणात वेगाने घातलीत तर ती नाक बाहेर काढते आणि जणू सांगते, सावकाश. चढावर जोरात दाबलं की इंजिनाचा आवाज एकसुरी चढत जातो, कारण गिअर बदलणं असं तिच्यात नसतंच. उतारावर मात्र तिची मजा वेगळी. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःला आवरत उतरते, ब्रेकवर पाय कमी पडतो.

आता खराब रस्ता. तिथे कॅमरी राणी आहे. माझ्या आधीच्या गाडीत बाबा मागे बसले की प्रत्येक खड्ड्याला हातातली पिशवी छातीशी धरायचे. त्याचं मोठं कारण रनफ्लॅट टायर. या टायरची बाजूची भिंत जाड आणि कडक असते, म्हणून पंक्चर झालं तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं. पण तोच कडकपणा रोज कमरेला लागतो. शिवाय खड्ड्यात आदळलं की भिंतीला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर फेकण्याशिवाय इलाज नाही. रनफ्लॅटवाल्या बहुतेक गाड्यांत स्टेपनीही नसते. पाऊस, रात्र, वाईच्या पुढे पसरणी घाट, टायरला कडेला चीर गेलेली आणि डिकीत स्टेपनी नाही. तो दीड तास मी विसरणार नाही. बाबा गाडीत बसून छत्री बाहेर काढून मला धरत होते.

जुनाफिटर

तिरपी_चाल यांनी नेमकं बोट ठेवलं. बरेच गिऱ्हाईक चारही रनफ्लॅट काढून साधे ट्यूबलेस घालतात. गाडी बरीच मऊ होते. अट एवढीच की चारही एकदम बदलायचे, दोन असे दोन तसे नको, आणि स्टेपनी डिकीत बाळगायची, जागा खाल्ली तरी. हँडलिंगमध्ये थोडी धार जाते, पण आपल्या रस्त्यांवर तो सौदा मी तरी घेईन.

आणि टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात ते वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी म्हातारं रबर ओल्या घाटात धरत नाही. घाटवाट, खंबाटकीचा पुण्याकडे येतानाचा बोगदा आणि पुढचं एस वळण तुम्हाला पाठ असेल. तिथे पावसात गाडी कुठल्या कंपनीची आहे याला अर्थ नसतो, टायर काय आहे यालाच असतो.

म्युनिकवासी

थोडं विषयांतर. माझ्या काकांकडे पुण्यात डब्ल्यू-१२४ होती, १९९५ मध्ये मर्सिडीजने पुण्यात जुळवायला सुरुवात केली त्या पहिल्या मॉडेलची. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. लहानपणी आम्ही भावंडं तो आवाज ऐकायला दार उघडझाप करायचो आणि काकू रागवायच्या. आता सी-क्लास चाकणला तयार होते, म्हणजे घाटवाटांच्या घरापासून तासा-दीड तासावर. कुठलीही घ्या, पण दार एकदा लावून बघा.

निळीशाई

आईंच्या गुडघ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझ्या सासूबाईंचा अनुभव सांगते. सी-क्लास खाली आहे. बसताना त्या आधी पाठमोऱ्या टेकतात, मग दोन्ही पाय आत घेतात. उठताना मी हात देते. आत बसल्यावर सीट फार आरामाची, नाशिकपर्यंत हूं की चूं नाही. पण दिवसात चार वेळा चढ-उतार असेल तेव्हा त्या रिक्षाच बरी म्हणतात. तुम्ही गाडी बघायला जाताना आईंना घेऊन जा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नाही, उतारावर, रस्त्याच्या कडेला बसवून-उठवून बघा. आणि पाच माणसं बसवून तुमच्या गावातला सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर ओलांडा. पोट घासलं तर रोज घासणार.

घाटवाट (तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, पण रिकाम्या हाताने नाही.

दिल्लीची गाडी सोडली. पुण्यातली पहिली ३२०डी दिसायला देखणी, मीटरवर ५२ हजार. ग्लोव्ह बॉक्समध्ये फाइलच्या मागे टायरचं एक जुनं बिल अडकलं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. त्यावर हाताने लिहिलेलं रीडिंग होतं ६८,४००. बिल जागेवर ठेवलं आणि निघालो.

कॅमरी चालवली. तिरपी_चाल, खराब रस्त्याबद्दल तुमचं अक्षर न् अक्षर खरं. बाबांना तीच आवडली. पण जी बसत होती बजेटमध्ये तिची पुढची उजवी बाजू ठोकून सरळ केलेली निघाली, लिफ्टवर घेतल्यावर चेसिसवरचं वेल्डिंग दिसलं.

तिसरी साताऱ्यातच मिळाली. ३२०डी, एकच मालक, निवृत्त डॉक्टर. रजिस्ट्रेशन जानेवारी २०१७, रनिंग ४६ हजार, प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनुसार लावलेलं, ऑइल दरवर्षी बदललेलं. सकाळी साडेसहाला गेलो, बॉनेटवर हात ठेवला, गार. पहिल्या सेकंदापासून आवाज स्वच्छ. गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरमध्ये बॅटरी कमजोर असल्याची एक जुनी नोंद, बाकी काही नाही. पुढचे दोन्ही लोअर आर्मचे बुश गेलेत, ते किमतीतून वजा करून घेतले. आईला रस्त्याच्या कडेला बसवून पाहिलं. पहिल्यांदा अवघड गेलं, मग तिनेच सीट वर घ्यायला सांगितली, पाठमोरी टेकली आणि पाय आत घेतले. उतरताना म्हणाली, "हात दिलास तर जमतं." साडेसोळाला ठरली. साडेतीन लाख बाजूला आहेत.

निळीशाई

वा! मनापासून अभिनंदन. बॅटरी बदलताना गाडीत तिची नोंद करून घ्या, नुसती बसवून चालत नाही. नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते.

सोलापुरी_चादर

अभिनंदन घाटवाट. साताऱ्याच्या पुढे सोलापूर आहे, ऊस आमच्याकडेही पिकतो. या एकदा.

जुनाफिटर

छान निवडलीत. टायरवरचे चार आकडे वाचलेत का?

घाटवाट

वाचले काका. ३८१६. चारही मूळचेच रनफ्लॅट. उद्या बदलतोय, साधे ट्यूबलेस, डिकीत स्टेपनी. ताबा शुक्रवारी घेणार, शनिवारी पावसातून घाट.